हागारेच्या खांद्यावरची पखाल

नमस्कार. उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या प्रश्नात मला दोन प्रश्न दिसतात आणि तुम्ही विचारलाय तो त्यातला सोपा आहे.

बायबलमधल्या अब्राहाम, त्याची बायको सारा आणि तिची दासी हागार यांच्यावर तुम्ही मराठीत ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली आहे. ऐंशी पानं झाली आणि आता पुढे सरकत नाही. देव बोलतो, दूत येतात, नव्वदीची बाई बाळंत होते. हे ठेवलं तर कादंबरी ऐतिहासिक कशी म्हणायची, आणि काढलं तर उरतं काय, असं तुम्ही विचारलंय. जोडीला आपली माणसं दुखावतील का ही धाकधूक आहे. नमुन्यादाखल पहिलं वाक्य दिलंय: ‘खास्द्यांच्या ऊर नगरीतून तेरहाचा उंटांचा तांडा उत्तरेकडे निघाला.’ तेरह म्हणजे अब्राहामाचा बाप.

अडचण मला या वाक्यात दिसते, आणि चमत्काराचा तिच्याशी काही संबंध नाही. आजच्या दक्षिण इराकमधल्या ऊर शहराचा सर्वांत भरभराटीचा काळ म्हणजे इसवी सनपूर्व एकविसावं शतक, इ.स.पू. २००४ च्या सुमारास शेजारच्या एलाम राज्याच्या फौजांनी ते लुटलं. खास्दी लोक दक्षिण इराकच्या नोंदींत येतात ते इ.स.पू. नवव्या शतकात. आणि ओझं वाहणारा पाळीव उंट कनानाच्या, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या, बाजूला सर्रास दिसायला लागतो तो दहाव्या शतकाच्या आसपास. अरावा खोऱ्यात तांबं गाळण्याच्या जुन्या जागांवर सापडलेल्या हाडांवरून तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे मांडलं. म्हणजे तुमच्या एका वाक्यात हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. तुमच्या कादंबरीला माणसं आहेत, वाट आहे, दुःख आहे; शतक नाही. शतक नसलं की घर उभं राहत नाही, आणि घर नसलं की दूत कुठेही उतरला तरी तो अधांतरीच वाटतो. म्हणून चमत्कार तुम्हाला खटकतोय.

ही चूक तुमची नाही, मूळ ग्रंथातच हे सगळं आहे. उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या, पुस्तकात खास्दी आहेत, उंट आहेत, आणि इ.स.पू. बाराव्या शतकात किनाऱ्यावर आलेले पलिष्टीही अब्राहामाच्या शेजारी आहेत. कारण या कथांना आजचं रूप देणारे लोक फार नंतरचे होते आणि त्यांनी आपल्या ऐकणाऱ्यांना कळतील अशी नावं वापरली. आपणही सहज म्हणतो की राष्ट्रकूटांनी औरंगाबादजवळ कैलास लेणं कोरलं. आठव्या शतकात औरंगाबाद नव्हतं, पण सांगणारा खोटं बोलत नसतो. कथा सांगणाऱ्याला ती मुभा आहे. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला मात्र ठरवावं लागतं.

दोन वाटा मला प्रामाणिक वाटतात. पहिली, कथेच्या आतला काळ पकडायचा, म्हणजे साधारण इ.स.पू. २००० ते १७००. मग गाढवं घ्या, उंट सोडा, पलिष्टी सोडा. दुसरी, कथा सांगणाऱ्याचा काळ पकडायचा. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलं आणि लोक खास्दी राजांच्या राजधानीत, बाबेलला (बॅबिलोनला), नेले गेले. तिथे एखादी आजी कालव्याकाठी नातवंडांना अब्राहामाची गोष्ट सांगते आहे; तिच्या तोंडी उंटही चालतील आणि खास्दीही, कारण खास्द्यांनीच तिचं घर जाळलं आहे. त्या अर्थाने ‘खास्द्यांचं ऊर’ हे शब्द तिच्या तोंडी काय धारदार होतील बघा: आपला मूळ पुरुष ज्या मुलखातून बाहेर पडला, तिथेच आपल्याला परत ओढून आणलंय. मला स्वतःला ही दुसरी वाट फार मोहात पाडते. पण तुमचा जीव हागारेत अडकलाय हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं, आणि हागारेसाठी पहिली वाट बरी. तिसरीही एक वाट आहे, पुराणकथेच्या अंगाने काळच न सांगता लिहायची. ती उत्तम होऊ शकते, पण मग मुखपृष्ठावर ‘ऐतिहासिक’ छापू नका.

इथे काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत हे मान्य करतो. ग्रंथातलं प्रत्येक वाक्य घडलेला इतिहास आहे अशी तुमची श्रद्धा असेल, तर काळ ठरवताना तुम्ही ग्रंथातल्याच वर्षांची बेरीज कराल, आणि ते तुमच्या पुस्तकापुरतं सुसंगत असेल. श्रद्धा तशी नसेल तर हे ध्यानात ठेवा की बायबलबाहेर अब्राहामाचा त्या काळातला पुरावा नाही. ‘इस्राएल’ हे नावच पहिल्यांदा आढळतं ते मर्नेप्ताह या मिसरी (इजिप्तच्या) राजाच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८ च्या सुमारास. १९७४–७५ मध्ये थॉमस थॉम्पसन आणि जॉन व्हॅन सीटर्स या बायबल अभ्यासकांनी, उत्खननामुळे अब्राहाम सिद्ध झाला या आधीच्या पिढीच्या खात्रीला जोरदार धक्का दिला आणि ती खात्री पुन्हा सावरली नाही. तेव्हा कादंबरीत काही ‘सिद्ध’ करायला जाऊ नका. अशी माणसं अशा घरात कशी राहिली असती, एवढंच आपल्या हातात आहे. ते पुष्कळ आहे.

त्या काळातली अशी माणसं डोळ्यांनी बघायची असतील तर मिसरातल्या बेनी हसन इथलं ख्नुमहोतेपच्या थडग्यातलं भित्तिचित्र बघा. इ.स.पू. १८९० च्या आसपासचं आहे. पूर्वेकडून आलेल्या ३७ जणांच्या टोळीची नोंद त्यावर आहे, पुढाऱ्याचं नाव अबिशा असं वाचतात, आणि त्यांनी डोळ्यांत घालायचं काजळी खनिज आणलंय. कपडे रंगीत पट्ट्यांचे, एका खांद्यावरून घेतलेले. पुरुषांच्या पायात वहाणा, बायकांच्या पायात घोट्यापर्यंतचे बूट. गाढवाच्या पाठीवर पोरं बसवलीत. एकाच्या हातात तंतुवाद्य आहे. मी हे चित्र छापून लिहायच्या टेबलासमोर चिकटवलं होतं. एखादं वाक्य फार भव्य व्हायला लागलं की त्या गाढवाकडे बघायचं.

आता हागारेकडे येतो. सारेला मूल नाही, ती आपली मिसरी दासी नवऱ्याला देते. दासी गरोदर राहते आणि धनिणीला तुच्छ लेखू लागते. सारा नवऱ्याकडे तक्रार करते. अब्राहाम म्हणतो, तुझी दासी तुझ्या हातात आहे, तुला बरं दिसेल ते कर. सारा तिला छळते, ती पळून जाते. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायातल्या जेमतेम सहा ओळी.

आजच्या वाचकाला यात अब्राहाम दुबळा वाटतो. मलाही वाटायचा. मग बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या कायद्याचं १४६ वं कलम वाचलं. हा कायदा इ.स.पू. अठराव्या शतकातला, तो कोरलेला काळा दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. कलमाचा आशय असा: एका विशिष्ट दर्जाच्या पुरोहित स्त्रीने नवऱ्याला दासी दिली, त्या दासीला मुलं झाली, आणि मुलं झाली म्हणून ती धनिणीची बरोबरी करू लागली, तर धनिणीने तिला विकू नये, मात्र तिच्यावर दासीची खूण करून तिला दास्यांत मोजावं. भांडण तेच आहे.  अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, कानेश इथे अश्शूरी व्यापाऱ्यांची वस्ती होती; तिथल्या एका विवाहकराराच्या पाटीवर तर मुदतच घातली आहे, दोन वर्षांत मूल झालं नाही तर बायकोने स्वतः दासी विकत आणून द्यावी.

हे वाचल्यावर अब्राहामाचं ते वाक्य मला वेगळं ऐकू आलं. ‘तुझी दासी तुझ्या हातात आहे’ म्हणणारा माणूस कायदा बोलतोय. अधिकार कोणाचा ते अगदी बरोबर सांगतोय, आणि त्या बरोबर सांगण्याच्या आड लपतोय. तो काही चुकीचं बोलत नाही, म्हणूनच ते वाक्य भयंकर आहे. आणि सारा? तिने स्वतःहून केलेला सौदा आहे, सगळ्या मुलखाला मान्य असलेला. त्याने आतून काय होतं हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिघांपैकी कोणीही खलनायक न होता हे घर मोडतं. हे मला एका कलमाने दिलं.

एक सावधगिरी. असे करार त्या मुलखात हजार-बाराशे वर्षं चालत होते. तेव्हा त्यावरून ‘अब्राहाम हम्मुराबीच्या काळातलाच’ असं काढू नका. घराचं वातावरण घ्या, पुरावा म्हणून मिरवू नका.

ग्रंथ बोलतो तिथे त्याच्याशी भांडायचं नाही, गप्प आहे तिथे आपली जमीन, असा मी स्वतःपुरता नियम केला आहे. पण काही ठिकाणी ग्रंथ दोन तोंडांनी बोलतो, आणि तिथे निवड करावीच लागते. हागारेचा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता आणि सारेचा इसहाक जन्मला तेव्हा १००, असं ग्रंथच सांगतो. हागारेला घालवून दिलं ते इसहाकाचं दूध तोडल्यानंतर. म्हणजे इश्माएल त्या दिवशी सोळा-सतरा वर्षांचा हवा. आणि एकविसाव्या अध्यायात मात्र पाणी संपल्यावर आई त्याला झुडपाखाली टाकते, त्याचं मरण बघवत नाही म्हणून बाणाच्या टप्प्यावर जाऊन बसते, आणि दूत तिला सांगतो, ऊठ, मुलाला उचल. हे तान्ह्या किंवा लहान पोराचं दृश्य आहे. अभ्यासकांच्या मते वयं एका परंपरेची आणि दृश्य दुसऱ्या परंपरेचं. तुम्ही काय कराल? मी माझ्या मसुद्यात आधी पाच वर्षांचा मुलगा घेतला, कारण डोळ्यांत पाणी येणं सोपं होतं. नंतर सतरा वर्षांचा घेतला. मिसरूड फुटलेला, आईपेक्षा उंच मुलगा, जो इतकी वर्षं घरात थोरला म्हणून वावरला, तो चालता चालता कोसळतो आणि आईला तो उचलत नाही, नुसता ओढत झुडपाच्या सावलीपर्यंत न्यावा लागतो. मला हे जास्त खरं वाटलं. तुम्हाला उलट वाटू शकतं. फक्त निवड करा आणि मग तिला धरून राहा.

आता चमत्कार. काळ ठरला, घराचा कायदा कळला, की हा प्रश्न पुष्कळ लहान होतो. माझं मत स्पष्ट आहे: चमत्काराचं वैज्ञानिक स्पष्टीकरण कादंबरीत घालू नका. उन्हाने भोवळ आली म्हणून दूत दिसला, ज्वालामुखीमुळे सदोम शहर जळलं, असलं काही नको. एक तर त्याने श्रद्धावान दुखावतात आणि श्रद्धा नसलेल्यांचंही समाधान होत नाही. दुसरं, अशी स्पष्टीकरणं फार लवकर शिळी होतात. १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना ऊरच्या उत्खननात गाळाचा जाड थर लागला आणि नोहाचा जलप्रलय सापडला असं जगभर छापून आलं. पुढे लक्षात आलं की इतर शहरांतले असे थर वेगवेगळ्या काळातले आहेत, ते स्थानिक पूर होते. २०२१ मध्ये जॉर्डनमधलं ताल अल-हम्माम हे गाव अशनीच्या स्फोटाने नष्ट झाल्याचा निबंध आला आणि हेच सदोम म्हणून गाजला. २०२५ मध्ये त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. त्यावर कोणी कादंबरी रचली असती तर?

मी करतो ते असं. निवेदक पात्राच्या खांद्याला खांदा लावून चालतो. पात्राला जे दिसलं, ते त्याला जसं दिसलं तसं सांगायचं; ते ‘खरंच’ होतं का यावर निवेदकाने बोलायचं नाही. त्या काळच्या माणसाला देवाची हाक ऐकू येणं हे जगाच्या बाहेरचं नव्हतंच. आणि उत्पत्तीचं पुस्तक यात तुम्हाला मदत करतं. परमेश्वराचा दूत या पुस्तकात पहिल्यांदा भेटतो तो हागारेला. कुळाच्या मूळ पुरुषाला नाही, पळून आलेल्या गरोदर परदेशी दासीला, पाण्याच्या झऱ्याजवळ. तिचं नाव घेऊन तो विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? त्याआधी सारा किंवा अब्राहाम, कोणीही ग्रंथात तिला नावाने हाक मारलेली नाही. ती ‘दासी’च आहे. आणि मग ती देवालाच नाव देते, मला पाहणारा देव. आता सांगा, इथे प्रकाशाचे झोत हवेत कशाला? कोणीतरी तिचं नाव घेतलं, एवढाच चमत्कार नीट लिहिला तर वाचक, मग तो कुठल्याही धर्माचा असो, थांबेल.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो, कारण मराठीत ही कादंबरी सगळ्यात आधी तिथेच पडते. आपल्याकडे महाभारतावरच्या कादंबऱ्यांनी एक भारदस्त मराठी घडवली आहे. ती हाताशी असते म्हणून आपण उचलतो, आणि अब्राहाम एकदम ऋषी होतो, सारा ‘नाथ’ म्हणू लागते. दुसरीकडे जुन्या मिशनरी मराठीचा ‘पाहा, असे झाले की’ हा सूर. दोन्ही टाळा. ही मेंढरांवर जगणारी, तंबूत राहणारी माणसं आहेत. बिऱ्हाड, कालवड, कोकरू, दावं, घोंगडं हे शब्द त्यांना शोभतात. अठराव्या अध्यायात सारा नवऱ्याचा उल्लेख ‘माझा स्वामी’ अशा अर्थाच्या शब्दाने करते. मराठीत त्याला ‘धनी’ इतका चपखल शब्द दुसरा नाही, त्यात नवराही आला आणि मालकही. हागारेच्या तोंडी सारेसाठी ‘धनीण’ आणि अब्राहामासाठीही ‘धनी’च. एकच शब्द दोन बायका वापरतात आणि दोघींच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा, हे मराठीने फुकट दिलेलं देणं आहे. मात्र शब्द घेताना चालीरीती घेऊ नका. मी पहिल्या मसुद्यात मेंढरं खतासाठी शेतकऱ्याच्या रानात बसवली होती. ते आपल्याकडच्या धनगरांचं चित्र होतं, कनानातलं नव्हे. अख्खं प्रकरण काढावं लागलं.

लोक दुखावतील का, याचं उत्तर कोण वाचतंय यावर आहे. तुमची हागार एकाच समाजाची नाही. मुसलमान वाचकांसाठी ती हाजरा आहे. साफा आणि मरवा या टेकड्यांमधली तिची धावपळ हजला जाणारे आजही पावलांनी गिरवतात. यहुदी परंपरेत ती फारोची, म्हणजे मिसरच्या राजाची, मुलगी असल्याची कथा आहे. तेरह मूर्ती घडवून विकायचा आणि अब्राहामाने त्या फोडल्या, ही गोष्ट पुष्कळ ख्रिस्ती वाचकांनाही बायबलमधली वाटते. ती उत्पत्तीत नाही, यहुदी मिद्राशात, म्हणजे ग्रंथावरच्या जुन्या टीका-कथांत, आहे, आणि मूर्ती फोडल्याचा प्रसंग कुराणात आहे. असं काही घेतलंत तर ते कोणाकडून घेतलं हे मनोगतात लिहा. मान ठेवणं म्हणजे गुळमुळीत लिहिणं नव्हे. कोणाची वस्तू आहे हे माहीत असणं.

आणि छापायच्या आधी त्या त्या घरातल्या माणसांना वाचायला द्या. ठाण्यातल्या एका बेने इस्रायली (मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या) काकांना मी मम्रे इथल्या मेजवानीचं प्रकरण दिलं होतं. तिथे अब्राहाम पाहुण्यांना दही, दूध आणि वासराचं मांस एकाच वेळी वाढतो. ग्रंथात तसंच आहे. काका म्हणाले, हे वाचताना आमच्याकडचा प्रत्येक माणूस इथे अडखळणार, कारण आमच्यात मांस आणि दूध एकत्र खात नाहीत. ते पुढे म्हणाले, हे नियमशास्त्र नंतर मोशेच्या काळात आलं, हे मला ठाऊक आहे, पण तुमच्या पात्रांना ते ठाऊक नाही हे वाचकाला कळू द्या. मी एकच ओळ बदलली आणि प्रकरण सुधारलं. या काकांच्या समाजात १८८० च्या सुमारापासून मुंबईत मराठी कीर्तनातून अब्राहाम आणि योसेफाची आख्यानं सांगितली जात. त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात राशोल इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, सुमारे ११,००० ओव्यांचं, आणि त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून सगळं आहे. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय. तेव्हा मराठीत या कथा नव्याने सांगायला तुम्ही कोणाची परवानगी मागताय असं वाटून घेऊ नका. चारशे वर्षांची वहिवाट आहे.

आता करायचं काय. ऐंशी पानं बाजूला ठेवा, फाडू नका. फक्त एक दृश्य लिहा, एकविसाव्या अध्यायातलं चौदावं वचन. अब्राहाम पहाटे उठतो, भाकर आणि पाण्याची पखाल घेतो, हागारेच्या खांद्यावर ठेवतो आणि तिला लावून देतो. शेळीच्या कातड्याच्या पखालीत दहा-पंधरा लिटर पाणी मावत असेल. दोन माणसं, बेर-शेब्याचं रान, ऊन. दीड दिवस, फार तर दोन. विहिरींवरून राजाशी तंटा करणाऱ्या माणसाला हा हिशेब येतो. त्याच्याकडे गाढवं आहेत, नोकर आहेत, आणि तो देतो एक पखाल. गाढव का देत नाही? ग्रंथ गप्प आहे. कायदा काय म्हणतो ते आता तुम्हाला माहीत आहे. सारा तंबूत जागी आहे की झोपलेली, तेही लिहिलेलं नाही. पखालीचं तोंड कोणी आवळून बांधलं, अब्राहामाने की हागारेने? मुलगा कुठे उभा आहे? कातड्यातून पाणी झिरपतं, तिच्या पाठीवर ओल येते, पहाटेचा गारवा असल्यामुळे ती शहारते.

हे एवढंच लिहा, दीड पान, उंट न आणता. जमलं तर इथे टाका, मी वाचतो.